आवाजातून दोन वजा

मंगळवार, ४ मार्च

सूनबाई,

फोन तू उचलत नाहीस, आणि खरं सांगायचं तर मलाही करवत नाही. सत्तावीस वर्षं रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात कानाला फोन लावून बसले. आता घरातला फोन वाजला तरी हात पुढे होत नाही. म्हणून कागद घेतलाय. पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहिला होता, मग खोडला. वडील जाऊन तीन आठवडे झालेल्या मुलीने सासूचा आशीर्वाद ठेवायचा कुठे?

ठकीचा निळा स्वेटर इथेच राहिलाय. तिचा पुढचा दात हलत होता, तो पडला का? आमचे चिरंजीव रोज आठला जेवतात, ताट उचलतात आणि भिंतीकडे तोंड करून पडतात. मी काही बोलत नाही. मला काही वाटतही नाही, असं लिहिलं तर तुला राग येईल, पण तसंच आहे. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा होतो ना, तसं. चावलं तरी कळत नाही.

हॉस्पिटलच्या जिन्यात तो तुला जे बोलला ते मी ऐकलं. 'तुमच्याकडचे लोक एवढ्यातेवढ्याला ओरडतात, म्हणून फोनवर कुणी मनावर घेतलं नसेल.' त्यावर तू ठकीला उचललंस आणि कालवा ओलांडून माहेरी गेलीस ती गेलीसच. तुझ्या जागी मी असते तर मीही गेले असते. फक्त एवढं ध्यानात ठेव, ते वाक्य त्याचं स्वतःचं नाही. ऐकीव आहे.

इकडे चौकशी लागली आहे. तुला सगळं तुकड्यातुकड्यांनी कळलं असेल, म्हणून सरळ लिहिते. त्या मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी तुझे बाबा दाढीसाठी खुर्चीत बसले असताना कोसळले. सलूनवाल्याने आमच्याकडे फोन लावला. आमच्याकडे फोन घेणारा चिठ्ठी लिहितो आणि खिडकीतून गाड्या सोडणाऱ्याकडे सरकवतो. लाल चिठ्ठी म्हणजे आत्ताच्या आत्ता. पिवळी म्हणजे जवळची गाडी मोकळी झाली की. ती चिठ्ठी पिवळी गेली आणि गाडी चौतिसाव्या मिनिटाला पोचली. लाल गेली असती तर वाचले असते असं डॉक्टर म्हणत नाहीत. वाचले नसते असंही म्हणत नाहीत.

चिठ्ठीवर टेबल दोनचा शिक्का आहे. टेबल दोन आमच्या तोफेचं, माझ्या शेजारी बसतो त्याचं. रेकॉर्डिंगचं यंत्र जानेवारीपासून बंद पडलंय, त्यामुळे तो शिक्का हाच काय तो पुरावा.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. स्वेटर पाठवू का तेवढं कळव.

ठकीची आजी

रविवार, ९ मार्च

सूनबाई,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. पाच वेळा वाचल्या. 'आई, तुमच्यावर माझा राग नाही. तो माणूस आमच्या लोकांबद्दल काय काय बोलतो ते तुम्हीच घरी येऊन सांगायचात. आता तेच साहेबांना सांगा. त्याला तिथून घालवा, मग मी ठकीला घेऊन येते.'

येते म्हणालीस. मी तो कागद घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलाय.

तोफेबद्दल सांगायचं तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे. त्याला हे नाव मीच पाडलं, कारण तोंड उघडलं की धूर निघतो. कालव्यापलीकडून फोन आला की रिसीव्हर हाताने झाकून पहिलं वाक्य ठरलेलं: 'आला बघा बाजार.' तुझ्या लग्नाला तो आला नव्हता. मी पत्रिका दिली तर म्हणाला, 'ताई, तुमचा मान मोठा, पण पलीकडच्यांच्या मांडवात मी पाऊल ठेवणार नाही.' तोंडावर. मला तेव्हा हसू आलं होतं. घरी येऊन तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस. मला ते आठवतंय, फक्त तेव्हा दिसलं नव्हतं.

पण आणखी एक आहे आणि तेही मला लिहिलं पाहिजे. आमच्या प्रत्येकाच्या टेबलावर एक कार्ड असतं, त्यावर सहा प्रश्न. शुद्धीवर आहे का, श्वास कसा चालू आहे, छातीत दुखतंय का, घाम आलाय का, असे. उत्तरं पाहायची आणि रंग ठरवायचा. तोफ पलीकडच्यांना सहाच्या सहा प्रश्न विचारतो. शिव्या देत विचारतो, पण एकही गाळत नाही. मी एकदा म्हटलं, 'एवढा तिटकारा आहे तर इतकं नीट कशाला?' तर म्हणाला, 'तिटकारा आहे म्हणूनच. उद्या तक्रार झाली तर पहिलं बोट माझ्याकडे. मी कार्ड सोडत नाही, ताई.'

साहेबांनी परवा आम्हाला एकेकटं बोलावलं. चौकशीचे साहेब बाहेरून आलेत, सभ्य आहेत, खुर्ची स्वतः पुढे करतात. त्यांच्या फॉर्मात एक प्रश्न होता, 'संबंधित कर्मचाऱ्याच्या मनात त्या वस्तीतील लोकांविषयी पूर्वग्रह होता काय?' खाली दोन चौकोन, होय आणि नाही. तोफेबद्दल विचारलं, मी तो काय बोलतो ते सांगितलं. तू म्हणालीस तसंच. त्यांनी होयवर खूण केली. मग पेन तसंच हातात ठेवून हसून म्हणाले, 'तुम्हाला विचारण्यात अर्थ नाही, तुमची तर सूनच तिकडची.' आणि माझ्या नावापुढे नाहीवर खूण केली.

मी काही खोटं बोलले नाही. माझ्या मनात खरंच काही नव्हतं.

स्वेटर सोबत पाठवते. कोपरावर विरला होता, रफू केलाय.

ठकीची आजी

शुक्रवार, १४ मार्च

सूनबाई,

आज वहीबद्दल लिहिते. तुला ती माहीत नाही, ती कक्षाबाहेर कधी गेलीच नाही.

नव्याने लागलेल्यांसाठी मी एक वही केली होती. कार्डावर सहा प्रश्न असतात, पण फोनवर माणूस कार्डासारखा बोलत नाही. म्हणून अनुभवाच्या चार गोष्टी लिहून ठेवल्या. उदाहरणार्थ: 'कारखान्यातून फोन आला तर आधी यंत्र बंद केलं का ते विचारा.' 'दुपारी दोननंतर एकटी म्हातारी माणसं बोलायलाच फोन करतात. रागावू नका, पण लांबवूही नका.' 'मागे मूल रडत असेल तर ते श्वास घेतंय. मूल गप्प असेल तर लाल.' 'ओरडणारा माणूस मध्येच गप्प झाला की घाबरा. आवाज खाली गेला की लाल.'

यातल्या प्रत्येक ओळीने कुणी ना कुणी वाचलंय. मला तिचा अभिमान होता. शितावरून भाताची परीक्षा करावीच लागते गं, प्रत्येक वेळी सगळं पातेलं उपसायला आमच्याकडे वेळ कुठे असतो? फोनवर दीड मिनिट मिळतं.

नवव्या पानावर एक ओळ आहे. 'पलीकडचा फोन: आवाजातून दोन वजा करा.' म्हणजे ओरडण्यावरून दहापैकी आठ गंभीर वाटलं, तर सहा धरा. अक्षर माझं आहे.

ती कुठून आली ते तुला आठवेल. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ओट्याशी उभी राहून तू सांगत होतीस, 'आई, आमच्याकडे सुई टोचली ना, तरी गल्ली गोळा होते. आणि सगळे एकदमच सांगतात काय झालं ते.' आपण दोघी इतक्या हसलो की दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी मी ते वहीत लिहिलं. तू घरच्या माणसांची थट्टा केलीस, तो तुझा हक्क. मी त्याचा नियम केला. मी तो घरीही जेवताना चारदा बोलले असेन, आणि तुझ्या नवऱ्याने तो जिन्यात तुझ्या तोंडावर फेकला. पहिल्या पत्रात ऐकीव म्हटलं होतं, ते हे.

वाईट मनाने लिहिलं नव्हतं, हे मी तुला पटवून देत बसणार नाही. तुम्ही लोक मला आवडता. तुला पसंत केलं तेव्हा पहिली गोष्ट मी हीच म्हणाले होते, पलीकडच्या मुली कामसू असतात. आता हसू येतं. घड्या घालायचा इतका कंटाळा करणारी मुलगी मी जन्मात पाहिली नाही. तुझे धुतलेले कपडे अजून त्या खुर्चीवर ढीग होऊन पडलेत. सहा वर्षं ते ढीग बघूनही माझी समजूत जागची हलली नाही. तू वेगळी आहेस, असं म्हणून मोकळी व्हायचे.

बाकी उद्या. बोटं सुन्न पडतात हल्ली, लिहिताना पेन सुटतं.

सोमवार, १७ मार्च

सूनबाई,

उद्या म्हटलं आणि तीन दिवस गेले.

आज सगळ्यांना एकत्र बसवलं होतं. टेबल तीनवरच्या मुलीची त्या दिवशी सुट्टी होती, त्यामुळे तोफ, मी आणि गाड्या सोडणारा; त्याला खिडकीतून फक्त चिठ्ठी दिसते, देणारा दिसत नाही. शिवाय सलूनवाल्याला बोलावलं होतं. चांगला उंच माणूस आहे. खुर्चीच्या कडेवर बसला होता, हात मांड्यांवर. हाताला साबणाचा वास होता. तुझ्या बाबांची दाढी वीस वर्षं त्यानेच केली, असं म्हणाला.

तोफ म्हणाला, 'मी चार वाजता खाली रजेच्या अर्जावर सही करायला गेलो होतो. वर आलो तर चिठ्ठी गेलेली होती.' साहेबांनी विचारलं, 'मग तुमच्या टेबलावर कोण होतं?' त्याने माझ्याकडे पाहिलं. पाहिलं फक्त. मी टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते.

मग सलूनवाला म्हणाला, 'साहेब, फोनवर बाई होती.'

साहेब म्हणाले, 'नक्की?' तो म्हणाला, 'नक्की साहेब. बाईचाच आवाज. वयस्कर.' साहेबांनी मान हलवली, 'बरं बरं' म्हणाले, आणि तो बाहेर गेल्यावर टोपण लावता लावता आम्हाला म्हणाले, 'घाबरलेला माणूस, त्याला काय आठवणार! आणि हे लोक जरा वाढवून सांगतात.'

त्यांनी माझी वही पाहिलेली नाही, सूनबाई. तरी ती ओळ त्यांना पाठ होती.

मी ग्लासातलं पाणी प्याले. साहेबांनी तोफेला निलंबनाचा कागद दिला.

जिन्यात तो माझ्या शेजारून उतरला. मी म्हटलं, 'मला नीट आठवत नाही रे कोण कुठे बसलं होतं.' एवढंच म्हणायचं सुचलं. तो म्हणाला, 'असू दे ताई. मी सांगितलं तरी कोण ऐकतंय? माझं तोंड सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तुमच्या घरात तर पलीकडचीच सून.' मग दोन पायऱ्या उतरून वळला. 'कार्ड विचारलं होतंत का?' आणि निघून गेला.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. तोफ काही संन्यासी नाही. पण हे त्याने केलेलं नाही.

मी केलं. माझ्या टेबलाचा फोन खरखरत होता, म्हणून तो खाली गेल्यावर मी त्याच्या खुर्चीत बसले. चार दहाचा फोन मी घेतला. रुग्ण कोण हे मला माहीत नव्हतं, सलूनवाला नुसतं 'काका, काका' म्हणत होता. तुझे बाबा आहेत हे मला संध्याकाळी सहाला कळलं, चिरंजीवांच्या फोनवरून, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी ते कुणाला सांगितलेलं नाही. तुझ्या शेजारी बसून तुझी पाठ थोपटत होते तेव्हाही नाही.

हे पत्र टाकायला मी स्वतः पेटीपर्यंत जाणार आहे. घरात ठेवलं तर फाडीन.

गुरुवार, २० मार्च

सूनबाई,

काल साहेबांकडे गेले. वही घेऊन गेले. नववं पान उघडून समोर ठेवलं आणि सांगितलं, फोन मी घेतला होता, सहापैकी दोन प्रश्न विचारले आणि पिवळी दिली.

त्यांनी पान वाचलं. मग काय म्हणाले माहीत आहे? 'बाई, तुमच्या मनात तसं काही नव्हतं ना? मग ही कामातली चूक झाली. पूर्वग्रह वेगळा.' निवृत्तीला चार महिने उरलेत, हेही त्यांनीच मला सांगितलं. त्यांना मला सोडायचं होतं. फॉर्म पुढे ओढून म्हणाले, 'इथे दोनच चौकोन आहेत. तुम्ही होयमध्येही बसत नाही.'

मी म्हटलं, 'मग तिसरा काढा.'

त्यांना समजावताना जे सुचलं ते तुलाही लिहिते. तोफेच्या मनात अढी आहे. ती वाईटच आहे, तिला गोड मानून घेऊ नकोस. उद्या त्याच्यासमोर कार्ड नसेल तर ती अढी काय करील ते मला सांगता येत नाही. पण आपल्या मनात अढी आहे हे त्याला ठाऊक आहे. माझ्या मनात अढी नव्हती, माझ्याकडे ठोकताळा होता. तुम्ही असे असता, एवढीच एक समजूत. राग नाही, तिरस्कार नाही. त्याला मी अनुभव म्हणत होते आणि नव्यांना शिकवत होते. त्याच्यावर नजर ठेवायला माझ्यासमोर कुणी नव्हतं, मीसुद्धा नव्हते.

साहेबांनी शेवटी फॉर्मच्या खाली मोकळ्या जागेत हाताने लिहून घेतलं. मी सही केली. तोफेचा निलंबनाचा कागद मागे घेतील, माझा निघेल. तो आज फाटकाशी भेटला. आभार वगैरे काही मानले नाहीत. 'उशीर केलात, ताई,' एवढंच म्हणाला. खरं आहे. पलीकडच्यांबद्दलचं त्याचं मत जिथल्या तिथे आहे, तेही त्याने त्याच दमात सांगितलं.

चिरंजीवांना सांगितलं. तो उठून गॅलरीत गेला. मग येऊन म्हणाला, 'मी तिला जिन्यात बोललो ते तुझं होतं, आई.' मी हो म्हटलं. त्याला तुझ्याकडे यायचं आहे. तू त्याला दारात उभं करायचं की नाही ते तू ठरव, पण त्याचा दोष त्याच्या आईचं ऐकण्याइतकाच आहे.

तू ठकीला घेऊन येईन म्हणाली होतीस ते मी धरून बसलेली नाही. तो शब्द तू दुसऱ्या माणसाबद्दल दिला होतास. चष्म्याच्या डबीतला तुझा कागद सोबत परत पाठवते.

एक उरलं आहे. साहेबांना मी ते सांगितलं नाही, कारण त्यांच्या कुठल्याच चौकोनात ते बसलं नसतं. तुला सांगते, कारण ते तुझ्या बाबांचं आहे.

सलूनवाला पहिल्यांदा खूप ओरडत होता. मी म्हटलं, 'अहो, हळू बोला. असं ओरडल्यावर मला काही कळणार नाही.' रोजच्यासारखं, थोडं हसूनच म्हटलं. तो थांबला. मग अगदी खालच्या आवाजात, एकेक शब्द नीट तोडून म्हणाला, 'बरं बाई. आता मी ओरडत नाही. बघा, सावकाश सांगतो. काकांना घाम आलाय. काका बोलत नाहीत. आता तरी गाडी पाठवाल ना?'

आवाज खाली गेला की लाल. ती ओळ माझीच होती, चौथ्या पानावर.

मी मनात म्हटलं, बघ, शांत झाला, म्हणजे तसं काही नव्हतं. आणि पिवळी चिठ्ठी ओढली.